आडवा ऊस आणि ‘सायक्लोन’

परवा वळवानं झोडपून काढलं आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला: उडणारे पत्रे, खाली लाल अक्षरांत ‘कोल्हापुरात सायक्लोन’. दुसऱ्या ग्रुपवर त्याचंच ‘टोर्नेडो’ झालं होतं.

सायक्लोन हा शब्द आपल्याच देशात घडलाय. कोलकात्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये खलाशांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात सापाच्या वेटोळ्याच्या कल्पनेवरून ग्रीक मुळापासून तो तयार केला. म्हणजे तापलेल्या समुद्रावर पोसलेलं, शेकडो किलोमीटर पसरलेलं चक्रीवादळ. तेच अटलांटिकमध्ये जोरात आलं की हरिकेन, जपानच्या बाजूला टायफून. टोर्नेडो वेगळा: ढगापासून जमिनीला टेकलेला, गरगरणारा हवेचा खांब.

मग आपले पत्रे कुणी उडवले? बहुतेक वेळा डाउनबर्स्टनं, म्हणजे ढगातून खाली कोसळणाऱ्या गार हवेनं.

वळवाचा पहिला थेंब पडायच्या आधी गार झोत अंगावर येतो ना, तो हाच. ढगातला पाऊस खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेतून पडताना वाटेतच थोडा सुकतो. माठासारखंच, वाफ होताना पाणी उष्णता ओढून घेतं. किलोभर हवेत एक ग्रॅम पाणी सुकलं, तर ती हवा साधारण अडीच अंशांनी गार होते. सहा अंश गार झाली की ती आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन टक्के जड. दोन टक्के म्हणजे किरकोळ? गुरुत्वाकर्षणाचा दोन टक्के ओढा धरा आणि हा फरक किलोमीटरभर खालपर्यंत टिकला असं माना. घर्षण सोडून दिलं तर जमिनीशी वेग येतो ताशी ७० किलोमीटर! जमिनीवर पुढं जायला वाट नाही, म्हणून ती हवा अंगणात ओतलेल्या बादलीच्या पाण्यासारखी चहूबाजूंना पळते.

  

हे ओळखलं जपानी हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी. नागासाकीवर बॉम्ब पडल्यानंतर तिथं त्यांनी केंद्रापासून बाहेरच्या दिशेनं आडवी झालेली झाडं पाहिली होती. पुढं अमेरिकेत वादळानंतरच्या जंगलात त्यांना तीच नक्षी दिसली. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला विमान पडलं, त्यामागंही अशीच कोसळती हवा असल्याचं त्यांनी मांडलं. टोर्नेडोत झाडं एकमेकांवर आडवीतिडवी पडतात, इथं ती पसरत जातात.

म्हणून दुसऱ्या दिवशी चुलत्यांच्या फडात गेलो. आडसाली ऊस लोळला होता. बांधाकडचे शेंडे पूर्वेला, विहिरीकडचे जरा दक्षिणेला झुकलेले, मधे कुठं गुंता नाही. हातपंखा उघडून ठेवावा तसा सगळा फड. मोबाइल काढून ‘सायक्लोन’ दाखवलं.

काका म्हणाले, “कसला सायक्लोन? वळीव हाय की. पाचट बाजूला घे जरा, पाइप दबलाय.”