तीन बोटं आणि एक मिनिट

सुगीत खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. भाताची मळणी चाललेली, आणि आत्ती मात्र सूप बाजूला ठेवून सोप्यात बसलेली. "छातीत पाखरू फडफडल्यागत होतंय बघ," म्हणाली. तिच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, तीन बोटं टेकवली. दोन ठोके भराभर, मग खंड, मग एक जोराचा, पुढचे तीन लागतील न लागतील असे. मिनिटभर मोजलं, ताल काही सापडला नाही.

एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं बहुतेकांना कधी ना कधी होतं. वेळेआधी एक ठोका पडतो, मग जरा थांबा, आणि पुढचा ठोका जोरात जाणवतो. निरोगी हृदयात हे सहसा निरुपद्रवी असतं. आत्तीचं तसं नव्हतं. तिच्या नाडीला लयच उरली नव्हती.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो. आपण विसावा घेत असताना तोच मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेचा इशारा देतो. आत्तीला झालेल्या एट्रियल फिब्रिलेशन या आजारात वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० हून जास्त इशारे सैरावैरा धावतात. कप्पे आकसत नाहीत, नुसते थरथरतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला पेशींचा दुसरा पुंजका त्यातले बरेच इशारे अडवतो, पण जे सुटतात ते कसेही सुटतात. म्हणून नाडी अशी लागते. ईसीजीत हे कळतं, मात्र तो त्रास चालू असताना काढलेला हवा.

धडधडीनं माणूस घाबरतो, पण खरा घात वेगळीकडे आहे. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. रक्त तिथं साचतं, गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. या आजारात ती जोखीम सुमारे पाचपट होते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आमच्या रानातल्या वाड्यांवरून बेळगाव गाठण्यातच त्यातला किती वेळ जातो!

आत्तीचं मूळ दुखणं लहानपणीचं. घसा दुखून ताप यायचा, मग सांधे सुजायचे; त्या संधिवाती तापानं हृदयाची झडप अरुंद केली. अशा झडपेच्या रुग्णांना गुठळी होऊ नये म्हणून आजही वॉरफरिन हीच जुनी गोळी देतात. गुठळी रोखणाऱ्या नव्या गोळ्या त्यांना तितक्या उपयोगी नाहीत, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. ठोक्यांचा वेग आवरायला गोळ्या वेगळ्या. काहींना ताल जागेवर आणायला दवाखान्यात विजेचा झटका, किंवा ॲब्लेशन, म्हणजे इशारे भरकटवणारा हृदयातला भाग निकामी करणं, हेही लागतं.

वॉरफरिन घेताना रक्ताची आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ घेतं त्याची तपासणी, करावी लागते, आणि आकडा बहुधा २ ते ३ मध्ये राखतात. आत्तीनं मधे गोळी आपल्या मनानं बंद केली होती. "फडफड थांबली की, मग कशाला?" फडफड थांबली तरी गुठळीची भीती जात नाही, हे तिला पटवायला दोन दिवस लागले. पालेभाजीचंही तसंच. कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं मेथी, पालक सगळं सोडलं होतं. त्यातलं के जीवनसत्त्व वॉरफरिनचा जोर कमी करतं हे खरं, पण सोडायची गरज नाही. रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं, एवढंच. दुकानातून दुखण्याची गोळी परस्पर आणून खाणं मात्र घातक, त्यानं रक्तस्राव होऊ शकतो.

आता सोप्यातल्या कॅलेंडरवर तपासणीच्या तारखेला ती कुंकवाचं बोट लावते आणि खाली आकडा मला लिहायला सांगते. परवाचा २.४ होता.