टपालाने बेसबॉल कार्डांची अदलाबदल

अमेरिकेत, आणि थोडीफार कॅनडातही, बेसबॉल खेळाडूंची कार्डं जमवणारी मंडळी आपल्याकडे जास्तीची झालेली कार्डं पोस्टाने दुसऱ्या कलेक्टरकडे पाठवतात आणि बदल्यात आपल्याकडे नसलेली मागवून घेतात. ह्यालाच हॉबीवाले सरळ 'ट्रेड' म्हणतात, त्यात बहुतेक वेळा पैशाचा व्यवहार नसतो, आणि दोन्ही माणसं एकमेकांना कधी भेटलेलीही नसतात. कार्ड म्हणजे अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच जाड कागदाचा तुकडा, पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची आकडेवारी. टॉप्स कंपनीने १९५७ पासून हे माप धरलं आणि मग सगळ्यांनीच धरलं. मापाचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण हे कार्ड साध्या पाकिटात मावतं आणि वजनाला जेमतेम पावणेदोन ग्रॅम भरतं, म्हणून तर हा सगळा उद्योग पोस्टाने चालू शकला.

आता डबल कार्डं येतात कुठून? कार्डं दुकानात बंद पुडक्यात मिळतात आणि आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही हे एक कारण झालंच, पण छपाईचंही एक गणित आहे. टॉप्सच्या छपाईच्या एका मोठ्या शीटवर १३२ कार्डं बसायची. १९७८ चा सेट होता ७२६ कार्डांचा, आणि सहा शीट म्हणजे ७९२ जागा, मग उरलेल्या ६६ जागांवर काय छापायचं, तर सेटमधलीच ६६ कार्डं परत एकदा. ह्यांना 'डबल प्रिंट' म्हणतात. म्हणजे त्या वर्षी ज्याच्या त्याच्याकडे तीच ती कार्डं जास्तीची झाली आणि बाकीची मात्र मिळता मिळेनात. १९८२ पासून सेटच ७९२ चा केला तेव्हा हा प्रकार मिटला, पण तोपर्यंत पोरांची एक अख्खी पिढी 'हा माझ्याकडे चार वेळा आहे' म्हणत बसली होती. आपल्याकडे बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटवाल्यांचे फोटो यायचे किंवा डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं होती, ती जमवलेल्या कुणालाही हे दुखणं वेगळं समजवायला नको. फरक इतकाच की आपली अदलाबदल गल्लीत नाहीतर शाळेच्या मधल्या सुट्टीत व्हायची, आणि तिकडे गल्ली संपली की लोक पोस्टाच्या पेटीकडे वळले.

सुरुवात

पोस्टाने ट्रेड करणारे पहिले लोक पोरंसोरं नव्हती, चांगली मोठी माणसं होती. जेफरसन बर्डिक हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात कारखान्यात काम करणारा साधा माणूस, सांधेदुखीने बेजार, लग्न केलं नाही, आणि सगळा पगार कार्डांत. १९३७ मध्ये त्याने 'कार्ड कलेक्टर्स बुलेटिन' नावाचं छोटंसं पत्रक काढलं. त्या काळी सिगारेटबरोबर, गमबरोबर, कॉफीबरोबर आलेली जुनी कार्डं जमवणारे मोठे लोक अख्ख्या देशात मूठभर, कुणी कॅलिफोर्नियात, कुणी मिशिगनमध्ये, त्यामुळे पोस्ट सोडून दुसरा मार्गच नव्हता. पण पोस्टाने अदलाबदल करायची तर दोघांनी एकाच कार्डाबद्दल बोलायला हवं ना, फोनवर फोटो पाठवायची सोय नव्हती, 'ते हिरव्या बॅकग्राउंडवालं सिगारेटचं कार्ड' असं लिहून काय कळणार? म्हणून बर्डिकने कॅटलॉग केला आणि सेटना अक्षर-आकडे दिले. तंबाखूच्या १९०९ ते १९११ च्या एका प्रसिद्ध सेटला 'टी-२०६' हे नाव पडलं ते त्याच्याच कॅटलॉगमुळे, आणि आज कोट्यवधी रुपयांना जाणारं होनस वॅग्नरचं कार्ड त्याच सेटमधलं. माझ्या मते ह्या हॉबीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट कुठलं महागडं कार्ड नाही, हा कॅटलॉगच. बर्डिकने स्वतःचा तीन लाखांहून जास्त वस्तूंचा साठा न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमला दिला, त्यात तीस हजारांवर नुसती बेसबॉल कार्डं, आणि मग वर्षानुवर्षं तिथे बसून दुखऱ्या हातांनी ती अल्बममध्ये चिकटवली. काम संपलं आणि १९६३ मध्ये तो गेला. (चिकटवली हे वाचून आजचे कलेक्टर कपाळावर हात मारतात, पण तेव्हा तीच पद्धत होती.)

टॉप्सने १९५२ मध्ये ४०७ कार्डांचा मोठा सेट काढला, १९५६ मध्ये बोमन ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली, आणि मग पुढची पंचवीसेक वर्षं मैदान जवळपास एकट्या टॉप्सचं होतं. १९७३ पर्यंत सेट एकदम यायचा नाही, सीझनभर हप्त्याहप्त्याने यायचा. शेवटचा हप्ता येईपर्यंत शाळा सुरू झालेल्या असायच्या, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं असायचं, दुकानदार माल कमी मागवायचे. त्यामुळे शेवटच्या आकड्यांची कार्डं, ज्यांना 'हाय नंबर' म्हणतात, कायम दुर्मिळ. १९५२ चे हाय नंबर तर इतके पडून राहिले की टॉप्सच्या साय बर्गरने १९६० च्या सुमारास उरलेल्या पेट्या बोटीत घालून समुद्रात टाकून दिल्या, असं त्यानेच पुढे सांगितलं. मिकी मँटलचं ३११ नंबरचं कार्ड त्याच हप्त्यातलं. त्याचीच एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेली. पोस्टाने ट्रेड करणाऱ्यांच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की सुरुवातीच्या नंबरांची कार्डं प्रत्येकाकडे ढिगाने आणि शेवटच्या नंबरांसाठी प्रत्येक जण वणवण करतोय, म्हणून एका हाय नंबरच्या बदल्यात दहा-पंधरा साधी कार्डं देणं हा तेव्हापासूनचा रिवाज.

साठच्या दशकाच्या शेवटापासून 'द ट्रेडर स्पीक्स' (१९६८) आणि 'स्पोर्ट्स कलेक्टर्स डायजेस्ट' (१९७३) अशी नियतकालिकं आली, त्यात बारीक टायपात जाहिराती, कुणाला काय हवंय आणि कुणाकडे काय आहे. १९७९ मध्ये जेम्स बेकेट ह्या स्टॅटिस्टिक्सच्या प्राध्यापकाने किमतींचं पुस्तक आणलं आणि १९८४ पासून मासिक. त्याआधी 'एकास एक' असं चालायचं, त्यानंतर प्रत्येकाच्या तोंडी 'बुक व्हॅल्यू'.

यादी आणि सौदा

ट्रेडचा पाया म्हणजे 'वाँट लिस्ट'. ती अशी असते: वर्ष, कंपनी, आणि पुढे नुसते नंबर. 'टॉप्स १९७५: ४४, ११७, २२३, ५४७', बस. खेळाडूची नावं लिहायची गरज नाही, नंबरावरून समोरचा बॉक्स काढतो आणि शोधतो. पूर्वी सेटमध्येच एक चेकलिस्ट कार्ड असायचं आणि पोरं त्यावर पेन्सिलने खुणा करायची, त्यामुळे आज खूण न केलेलं जुनं चेकलिस्ट कार्ड खूण केलेल्यापेक्षा चांगलंच महाग पडतं, म्हणजे ज्याने वस्तू ज्या कामाची त्याच कामाला वापरली त्याचं नुकसान! आता ह्या याद्या कॉम्प्युटरवर असतात, ट्रेडिंग कार्ड डेटाबेस नावाच्या साइटवर तर तुमची यादी आणि दुसऱ्याचा साठा जुळवूनही मिळतो.

कलेक्टरांच्या जाती असतात. सेट पूर्ण करणारा, एकाच टीमचा, एकाच खेळाडूचा. सगळ्यात सुखाचा ट्रेड दोन टीमवाल्यांचा. डेट्रॉइटवाला आपल्याकडची न्यूयॉर्कच्या मेट्स टीमची सगळी कार्डं काढून न्यूयॉर्कला पाठवतो, न्यूयॉर्कवाला आपल्याकडची डेट्रॉइटच्या टायगर्स टीमची डेट्रॉइटला, हिशोब कुणी करत नाही कारण दोघांच्या लेखी आपण अडगळ देतोय आणि सोनं घेतोय. सेटवाल्यांचं मात्र मोजूनमापून. त्यात भांडणं बुक व्हॅल्यूवरून होतात, कारण पुस्तकातली किंमत आणि प्रत्यक्षात विकलं जातं ती किंमत ह्यात फार अंतर असतं, आणि प्रत्येकाला आपलं कार्ड पुस्तकाच्या भावाने द्यायचं असतं आणि दुसऱ्याचं बाजारभावाने घ्यायचं असतं. दुसरं भांडण कंडिशनचं. 'कोपरे टोकदार आहेत' असं एकाने लिहिलं तरी दुसऱ्याच्या भिंगाखाली ते गोल दिसतात.

पोस्टाचा खर्च

ह्या सगळ्या व्यवहारात खरा मालक पोस्टाचा दर आहे. बेसबॉल कार्डांच्या मेळाव्यात दहा-दहा सेंटच्या कार्डांची खोकी मांडलेली असतात, आणि जुलै २०२५ मध्ये साध्या पत्राचं तिकीटच ७८ सेंटचं झालं. म्हणजे एक कार्ड पाठवायला कार्डाच्या सात-आठपट पैसे. म्हणून एकेका कार्डाचा ट्रेड सहसा कुणी करत नाही, पाकीट भरेल इतकी कार्डं जमेपर्यंत थांबतात, आणि जागा उरलीच तर समोरच्याच्या टीमची चार कार्डं फुकट टाकून देतात. बरेच लोक हे इतकं नेमाने करतात की नुसतं ठरलेलं आलं तर समोरच्याला चुकचुकल्यासारखं होतं.

पाठवायच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिली साधं पांढरं पाकीट. कार्डं आधी पातळ प्लास्टिकच्या 'पेनी स्लीव्ह'मध्ये घालायची, मग अल्बमचं नऊ खणांचं पान कापून तीन खणांची पट्टी करायची, एकेका खणात एक-दोन कार्डं आणि पट्टीची घडी, पाकिटात मधोमध. एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमपर्यंत एक तिकीट चालतं, जाडी पाव इंचाच्या आत हवी, आणि पाकीट वाकलं पाहिजे. हे वाकण्याचं प्रकरण नव्या माणसाला कळतच नाही. तो बिचारा काळजीपोटी आत कडक प्लास्टिकचा 'टॉप लोडर' घालतो, पाकीट सॉर्टिंग मशीनच्या रोलरमध्ये अडकतं, फाटतं, टॉप लोडर एकीकडे आणि पाकीट एकीकडे. कडक पाकिटाला वेगळा जादा आकार आहे, तो भरला तर ते हाताने सॉर्ट व्हायचं, पण हे दरवेळी पाळलं जातंच असं नाही.

दुसरी पद्धत बबलवालं पाकीट, ते पार्सल धरलं जातं आणि पाच डॉलरच्या आसपास किंवा जास्तच जातात, पण ट्रॅकिंग मिळतं, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या पोस्टाच्या पार्सलसेवेत, म्हणजे ग्राउंड अॅडव्हांटेजमध्ये १०० डॉलरचा विमाही त्यातच. स्वस्तात पडतं म्हणून काही जण पुस्तकांसाठीच्या मीडिया मेलने कार्डं पाठवायचा प्रयत्न करतात, ते नियमात बसत नाही, आणि पाकीट उघडून तपासलं गेलं तर उरलेले पैसे घेणाऱ्याच्या माथी.

पार्सलमध्ये कार्ड स्लीव्हमध्ये, स्लीव्ह टॉप लोडरमध्ये, आणि वरचं उघडं तोंड टेपने बंद, नाहीतर कार्ड घसरून बाहेर येतं आणि कोपरा गेलाच समजा. टेप कुठली हा जवळजवळ धर्माचा प्रश्न. साधी सेलोटेप चिकट राड ठेवते, म्हणून रंगारी लोक वापरतात ती निळी टेप, आणि तिचं एक टोक आत दुमडून पकडायला जागा ठेवायची. घेणाऱ्याने ते टोक धरून ओढलं की टेप अलगद निघते. हे दुमडलेलं टोक नसेल तर माणूस नखाने खरवडत बसतो, आणि पाठवणाऱ्याचा उद्धार करतो. मग हे सगळं चिकटपट्टीच्या 'टीम बॅग'मध्ये, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. पुठ्ठा कार्डापेक्षा थोडा मोठा हवा, म्हणजे मार पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला बसतो.

आधी कोण पाठवणार?

अनोळखी माणसाला वस्तू पाठवायची आणि तो उलट पाठवेल अशी आशा करायची, म्हणजे फसवणुकीला वाव आहेच. रिवाज असा की ज्याचे आधीचे ट्रेड कमी, म्हणजे ज्याच्याबद्दल सांगणारे कमी, त्याने आधी टाकायचं, आणि जुन्या माणसाने ते मिळाल्यावर. दोघंही जुने असतील तर एकाच दिवशी. कमी किमतीच्या ट्रेडमध्ये कुणी एवढं बघत नाही, पण ऑटोग्राफ किंवा रुकी कार्ड (खेळाडूचं नवखेपणीचं पहिलं कार्ड) असलं की ट्रॅकिंग नंबर आधी मागतात. अमेरिकेत टपालातून फसवणूक हा केंद्र सरकारचा गुन्हा आहे आणि पोस्टाची स्वतःची तपास शाखा आहे, त्यामुळे तक्रार करता येते, पण बारा डॉलरच्या कार्डासाठी कोण जाणार? खरा धाक बदनामीचा. फसवणाऱ्यांची नावं कलेक्टर एकमेकांना कळवतात आणि मग त्या माणसाला ट्रेड मिळत नाही.

भाव चढले, मग पडले

१९८१ पासून फ्लीअर आणि डॉनरस मैदानात आल्या, १९८९ मध्ये अपर डेक आली, तिचं पहिलंच कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचं. लोक कार्डांकडे शेअरसारखे बघायला लागले आणि कंपन्यांनी वाट्टेल तेवढी छापली, त्या काळाला आता 'जंक वॅक्स' म्हणतात. १९९४ च्या बेसबॉल खेळाडूंच्या संपाने तो फुगा फुटला. तळघरात खोक्यांनी पडलेली ही कार्डं विकत कुणी घेत नाही, पण ट्रेडमध्ये ती अजून फिरतात, कारण १९८७ च्या लाकडी बॉर्डरवाल्या टॉप्सचा सेट कुणाचा तरी तीन कार्डांनी अडलेला असतोच, आणि बाजारात किंमत शून्य असलेलं कार्ड त्याला तरी हवंच असतं. उलट आजची मोजक्याच प्रती काढून प्रत्येकीवर नंबर घातलेली, खेळाडूच्या जर्सीच्या कापडाचा तुकडा लावलेली किंवा कंपनीकडून ग्रेड करून, म्हणजे कंडिशनला गुण देऊन, जाड प्लास्टिकमध्ये बंद झालेली कार्डं बहुतेक विकलीच जातात, पोस्टाने अदलाबदल करण्याइतका विश्वास तिथे उरत नाही.

कॅनडा आणि बाहेर

कॅनडात ओ-पी-ची कंपनी टॉप्सचीच कार्डं काढायची, मागचा मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत, त्यामुळे अमेरिकन कलेक्टरांना ती हवी असतात आणि कॅनडावाल्यांना अमेरिकन कार्डं. पण सीमा ओलांडली की पोस्ट महाग आणि कस्टमचा फॉर्म वेगळा, म्हणून सीमेजवळ राहणारे काही कॅनडियन अमेरिकेच्या बाजूला पोस्ट बॉक्स घेऊन ठेवतात आणि महिन्यातून एकदा गाडी काढून जातात. भारतात टॉप्सने क्रिकेट अटॅक्स नावाने आयपीएलची कार्डं विकली, त्यांची अदलाबदल मात्र शाळा-सोसायटीतच राहिली, पोस्टापर्यंत गेली नाही.