वॉर्साचं जुनं शहर : पायी फिरण्याआधीची पार्श्वभूमी

राजवाड्यासमोरच्या चौकातून श्वेंतोयान्स्का गल्लीत शिरलं की रमतगमत गेलं तरी थोड्याच वेळात बाजारचौक लागतो. तिथून आणखी चार पावलं पुढं विटांचा अर्धगोल बार्बिकन बुरूज. वस्ती तेराव्या शतकाच्या अखेरची. सोळाव्या शतकाच्या शेवटी राजदरबार क्राकूफहून इकडे यायला लागला आणि पुढं रशियन अमलात इथले वाडे भाडेकरूंनी खचाखच भरले. पण आज चालताना जे दिसतं ते जवळजवळ सगळं दुसऱ्या महायुद्धानंतर ठरलं आणि उभं राहिलं.

१ ऑगस्ट १९४४ ला जर्मनांविरुद्ध सुरू झालेला उठाव ६३ दिवस चालला. जुनं शहर सप्टेंबरच्या सुरुवातीला पडलं. लढणारे भुयारी गटारांतून निसटले. लढाईत बरंच कोसळलं होतं. उठाव मोडल्यावर जर्मन पथकांनी उरलेलं शहर ठरवून जाळलं आणि सुरुंग लावून पाडलं. राजवाडाही त्याच वर्षी उडवला गेला. चौकातल्या १६४४ च्या राजस्तंभाच्या जुन्या खांबाचे फुटके दगड आजही राजवाड्याच्या कडेला आडवे पडलेले दिसतात. कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीत दुरून चालवायच्या जर्मन सुरुंगगाडीचा लोखंडी पट्टा बसवलेला आहे. तो बघायला कडेच्या बोळात वळावं लागतं आणि बरेच जण तसेच पुढं निघून जातात.

जानेवारी १९४५ मध्ये शहर मोकळं झालं आणि वाद सुरू झाला. राजधानी वूचला न्यावी, अवशेष स्मारक म्हणून तसेच ठेवावेत, की ढिगारे उपसून नवंकोरं शहर वसवावं? वास्तुसंवर्धनाच्या जाणकारांपुढं पेच आणखी अवघड होता. जे उरलंय ते जपायचं, नाहीसं झालेलं नव्यानं घडवायचं नाही, हे तत्त्व ते स्वतःच कित्येक वर्षं शिकवत आले होते. त्यांच्यातल्या प्रमुखांनीच ते बाजूला ठेवलं. काळानं झिजलेली वास्तू वेगळी आणि एका देशाची ओळख पुसण्यासाठी मुद्दाम पाडलेलं शहर वेगळं, ही त्यांची भूमिका. लोक तोवर ढिगाऱ्यांत, तळघरांत राहायला परतलेही होते. या निर्णयाला ‘नक्कल’ म्हणून हिणवणाऱ्यांनी ही परिस्थिती नीट विचारात घेतलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

टीकेला खरी जागा आहे ती पुढच्या निर्णयात: बांधायचं, पण कोणत्या काळातलं? १९३९ चं शहर जसंच्या तसं परत आणायचं कुणाच्याच मनात नव्हतं. सतराव्या-अठराव्या शतकांचं रूप आदर्श धरलं गेलं आणि एकोणिसाव्या शतकाला जवळजवळ हद्दपार केलं गेलं. कॅथेड्रल हे त्याचं ठळक उदाहरण. युद्धापूर्वी त्याला एकोणिसाव्या शतकातला नक्षीदार निओगॉथिक, म्हणजे मध्ययुगीन गॉथिक शैलीचं अनुकरण करणारा, दर्शनी भाग होता. आज दिसतो तो साधा, उंच, विटांचा, त्या प्रांतातल्या मध्ययुगीन चर्चच्या धर्तीवर कल्पिलेला. घरांमागची दाटीवाटीची बांधकामं पुन्हा उभारलीच नाहीत, कारण नव्या रहिवाशांना उजेड आणि हवा द्यायची होती. तटबंदीला चिकटलेली घरं गेली, म्हणून तट मोकळा झाला. राहण्याच्या सोयीच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. पण भाडेकरूंनी गजबजलेलं, गरीब, कळकट वॉर्सा यातून नाहीसं झालं आणि त्याची खूण चौकात कुठंच मिळत नाही, हे मला खटकतं.

अठराव्या शतकातल्या दरबारी इटालियन चित्रकाराच्या चित्रांवरून सगळं शहर बांधलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. ती चित्रं मुख्यतः राजवाड्याकडून दक्षिणेला जाणारा रुंद रस्ता आणि आसपासचे महाल यांच्या कामी आली. जुन्या शहरातल्या घरांसाठी खरा आधार होता तो युद्धापूर्वी वास्तुकलेच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी मोजमापं घेऊन काढलेल्या आराखड्यांचा. त्यातला मोठा भाग जर्मनांच्या नजरेआड पिओत्रकूफच्या मठात लपवला होता, म्हणून वाचला.

विटांचीही एक कडू बाजू आहे. युद्धानंतर पोलंडला मिळालेल्या पूर्वीच्या जर्मन प्रदेशातून, व्रोत्सवाफसारख्या शहरांतून, विटा राजधानीकडे आणल्या गेल्या. त्यासाठी तिथल्या पुन्हा उभ्या राहू शकल्या असत्या अशा इमारतीही पाडल्या गेल्या.

१९४५ च्या ऑक्टोबरमधल्या हुकुमानं शहरातली सगळी जमीन सार्वजनिक मालकीची झाली. त्याशिवाय एवढं काम इतक्या वेगानं झालं नसतं, पण मूळ मालकांचे आणि वारसांचे दावे त्यानंतर कित्येक दशकं चालले. बाजारचौक २२ जुलै १९५३ ला खुला झाला. राजवाडा मात्र रखडला: उभारणीचा निर्णय १९७१ मध्ये झाला, पैसा लोकवर्गणीतून आला आणि १९८४ मध्ये तो लोकांसाठी उघडला. त्याआधीच, १९८० मध्ये, जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. अस्सलपणाच्या निकषावर तिथंही बरीच चर्चा झाली. मान मिळाला तो पुनर्बांधणीलाच.

बार्बिकनपासून पश्चिमेला थोडं चाललं की मोंते कासिनोच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैनिक इटलीत लढले त्या, लढाईचं स्मारक येतं. मराठी माणसानं तिथवर जरूर जावं, कारण शेजारीच कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीची स्मृतिपाटी आहे. १९४३ ते १९४८ दरम्यान तिथं सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी इथं पुष्पचक्र वाहिलं.

पुनर्बांधणीचा वाद मिटलेला नाही. १९४४ च्या डिसेंबरअखेर उडवलेला सॅक्सन पॅलेस पुन्हा बांधण्याचा कायदा २०२१ मध्ये झाला. त्या महालाच्या उरलेल्या कमानींखाली अनाम सैनिकाची समाधी आहे. ते अवशेष आहेत तसेच राहावेत असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी आहे. १९४५ चा निर्णय बेघर माणसांच्या शहरानं घेतला होता. आता तशी निकड नाही, आणि महाल पूर्ण उभा राहिला तर ऐंशी वर्षं डोळ्यांसमोर असलेला विध्वंसाचा हा पुरावा त्यात झाकला जाईल.