जोडीला आणखी एक गोळी

"आता रडू येत नाही, झोप लागते, दोन घास पोटात जातात, पण अंगात त्राण म्हणून नाही." डिप्रेशनची गोळी सुरू करून तीन-चार महिने झालेली माणसं मानसोपचारतज्ज्ञांना हे या ना त्या शब्दांत सांगत असतात. घरच्यांच्या मते माणूस बरा झालेला असतो. तो ऑफिसला जातो, लग्नाकार्यात दिसतो. संध्याकाळी मात्र घरात शिरला की बूटसुद्धा न काढता सोफ्यावर आडवा होतो, आणि रविवारची आंघोळ संध्याकाळवर जाते. अशा वेळी डॉक्टर बरेचदा पहिली गोळी तशीच ठेवतात आणि जोडीला दुसरी लिहून देतात. वैद्यकात याला 'ऑगमेंटेशन' म्हणतात. पेशंट तेवढ्यात विचारून टाकतो, "आणखी एक?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न सहसा राहून जातो: ही दुसरी गोळी नेमकी कशासाठी? उदासपणासाठी, की थकव्यासाठी? दोन्ही एकाच आजारात येतात, म्हणून दोघांचं औषधही एकच असेल असं आपण धरून चालतो. गेल्या पंचवीसेक वर्षांतलं संशोधन बघितलं तर ते तसं दिसत नाही.

आधी पहिल्या गोळीचा हिशेब बघू. अमेरिकेच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला 'स्टार-डी' नावाची मोठी चाचणी घेतली. 4,000 हून अधिक पेशंट, सगळे नेहमीच्या दवाखान्यांतले. सगळ्यांना आधी सिटालोप्रॅम हे एकच औषध दिलं. त्यातले साधारण एक तृतीयांश पूर्ण बरे झाले. उरलेल्यांना पुढच्या टप्प्यात औषध बदलून किंवा जोडऔषध देऊन पाहिलं, त्यातून न सुधारलेल्यांना तिसऱ्या टप्प्यात, मग चौथ्या. दुसऱ्या टप्प्यातही तिघांतला एक बरा झाला, पण तिसऱ्या आणि चौथ्यात ते प्रमाण सातांत एकाच्या आसपास घसरलं. चारही टप्पे मिळून 67 टक्के बरे होतात, असा आकडा पुढे वर्षानुवर्षं परिषदांमधून फिरत राहिला. 2023 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच माहिती मूळ आराखड्याप्रमाणे पुन्हा मोजली, तेव्हा हाती आले 35 टक्के. यावर वाद अजून चालू आहे. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट एवढीच की पहिल्या गोळीने पूर्ण बरं न वाटणारे लोक अपवाद नाहीत, बहुसंख्य आहेत. त्यात स्वतःला दोष देण्यासारखं काही नाही.

जोडऔषधाची कल्पना जुनी आहे. गंमत म्हणजे डिप्रेशनवरच्या औषधांची सुरुवातच थकव्यापासून झाली. 1952 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या पेशंटना इप्रोनियाझिड हे नवं औषध देत होते. महिनोन्‌महिने खाटेला खिळलेली माणसं वॉर्डात हिंडायला-फिरायला लागली, खायला मागू लागली, नाचतानाचे त्यांचे फोटो छापून आले. 1957 मध्ये नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने हेच औषध डिप्रेशनसाठी वापरून त्याला मनाला ऊर्जा देणारं औषध म्हटलं. यकृतावरच्या दुष्परिणामांमुळे पुढे ते मागे घ्यावं लागलं, पण ज्या औषधाने या क्षेत्राचं दार उघडलं त्याची पहिली ओळख 'तरतरी आणणारं' अशी होती, हे आज कुणाच्या लक्षातही नसतं.

पुढे 1969 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात आर्थर प्रांज यांनी इमिप्रॅमिन या त्या काळच्या औषधाला थायरॉईडच्या टी-3 संप्रेरकाची जोड दिली, तर पेशंट लवकर सुधारताना दिसले. 1981 मध्ये माँट्रियलच्या क्लोद द माँतिन्यी यांनी औषधाला दाद न देणाऱ्या आठ जणांना लिथियम जोडलं आणि अठ्ठेचाळीस तासांत फरक पडल्याचं लिहिलं. इतका झटपट गुण नंतर फारसा कुणाला दिसला नाही. पण लिथियमची जोड उपयोगी पडते हे डमी, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीशी तुलना केलेल्या चाचण्यांमधून टिकलं. रक्तातली त्याची पातळी तपासत राहावी लागते, रक्त शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, थायरॉईड आणि किडनीवर नजर ठेवावी लागते, आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ब्रुफेनसारख्या गोळीनेही लिथियम रक्तात साठू शकतं. शिवाय ते स्वस्त आहे, म्हणजे त्याची जाहिरात करायला कुणी मोकळं नाही.

आजकाल चिठ्ठीवर जास्त दिसतं ते अॅरिपिप्राझोल. मूळ औषध स्किझोफ्रेनियाचं. अमेरिकेत 2007 मध्ये त्याला डिप्रेशनच्या जोडऔषधाची मान्यता मिळाली. नेटवर नाव शोधून "मला वेड लागलंय असं डॉक्टरांना वाटतं का?" म्हणून हादरणारे पेशंट कमी नाहीत. तसं काही नसतं. इथे डोस बराच लहान असतो, दोन ते पंधरा मिलिग्रॅम. मान्यतेपूर्वीच्या एका चाचणीत पूर्ण बरे होणाऱ्यांचं प्रमाण डमी गोळीवर सुमारे 16 टक्के होतं आणि औषधावर 26. म्हणजे दहा जणांना गोळी दिली, तर फक्त गोळीमुळे बरा झालेला एक. बाकीच्यांपैकी काही तसेही सुधारले असते, काही कशानेच नाही. हा एक जण स्वतः असेल तर फायदा अमूल्य, पण दहा जणांना गोळी घ्यावी लागते हेही खरं.

आणि त्या दहांपैकी दोघा-तिघांना होणारा एक त्रास सविस्तर सांगायला हवा, कारण तो ओळखूच येत नाही. त्याचं नाव अकाथिसिया. माणूस जेवायला बसतो, चार घास झाले की पाय हलायला लागतात. उठतो, गॅलरीत जाऊन येतो, पुन्हा ताटावर बसतो, पुन्हा उठतो. टीव्हीवरची बातमी पुरती बघवत नाही. रात्री पाय कुठे ठेवावेत कळत नाही. "आतून कुणीतरी ढकलतंय," असं सांगतात. घरच्यांना वाटतं टेन्शन वाढलं. पेशंटलाही तेच वाटतं. डॉक्टरांना नीट सांगितलं गेलं नाही, तर चिंता वाढली समजून त्याच गोळीचा डोस वाढण्याचा धोका असतो, म्हणजे आगीत तेल. डोस कमी केला किंवा औषध थांबवलं की हे सहसा जातं. अशा वेळी "टेन्शन आलंय" इतकंच न सांगता "बसवत नाहीये" असं सांगितलं, तर निदान निम्मं तिथेच होतं.

आता थकव्याकडे. उदासपणा आणि थकवा वेगळे आहेत याचा सगळ्यात सुंदर पुरावा डिप्रेशनच्या नव्हे, कॅन्सरच्या वॉर्डातून आला. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवर त्या काळी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं देत. त्याने पेशंटची प्रतिकारयंत्रणा खवळते आणि बऱ्याच जणांना काही आठवड्यांत चांगलंच डिप्रेशन येतं. म्हणजे डिप्रेशन कधी सुरू होणार हे आधीच ठाऊक असलेली, जवळजवळ प्रयोगशाळेसारखी परिस्थिती. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी 40 पेशंट घेतले. निम्म्यांना इंटरफेरॉनच्या दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्सेटिन हे डिप्रेशनचं औषध, निम्म्यांना डमी गोळी. 2001 मध्ये निकाल छापून आला: डमी गोळीवाल्यांत 45 टक्के लोकांना डिप्रेशन आलं, औषधवाल्यांत 11 टक्के. पुढच्या वर्षी त्याच पेशंटची लक्षणं सुटी सुटी करून पाहिली, तेव्हा खरी गोष्ट समोर आली. थकवा आणि भूक मरणं ही लक्षणं पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू झाली होती, आणि पॅरॉक्सेटिनने त्यांना फारसा धक्का लागला नव्हता. उदासपणा, चिंता, विसराळूपणा नंतर आले, आणि औषधाने रोखले गेले ते हेच.

एकाच शरीरात, एकाच कारणाने सुरू झालेल्या आजाराचे हे दोन पदर. एक पॅरॉक्सेटिनसारख्या, मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवणाऱ्या गोळीला दाद देतो, दुसरा देत नाही. थकव्याच्या पदरात खवळलेल्या प्रतिकारयंत्रणेमुळे शरीरात होणारा दाह आणि मेंदूतली डोपामिनची यंत्रणा यांचा हात असावा, असं आज बऱ्याच संशोधकांना वाटतं. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं आपण वाचलेलं असतं. त्याचं मोठं काम वेगळंच आहे: एखादी गोष्ट कष्ट घेण्याजोगी आहे की नाही, हे ठरवणं. ते मोजमाप बिघडलं की आंघोळसुद्धा महाग वाटते.

म्हणून थकवा मुख्य तक्रार असेल तेव्हा बरेच डॉक्टर ब्युप्रोपिऑनकडे वळतात. ते डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या मेंदूतल्या आणखी एका रसायनावर काम करतं, सेरोटोनिनच्या वाटेला जात नाही. डिप्रेशनमधून बाहेर आलेल्या लोकांच्या सहा चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा ब्युप्रोपिऑनवर असलेल्यांमध्ये उरलासुरला थकवा आणि दिवसाची झोप सेरोटोनिनच्या गोळ्यांपेक्षा कमी लोकांत आढळली. वजन वाढवत नाही, हा वरचा फायदा. पण ज्याला फिट येतात, ज्याला खाण्याचे विकार आहेत किंवा जो रोजची दारू एकदम सोडतो आहे, त्याने या औषधापासून लांबच राहायचं. वयस्क लोकांत आणखी एक अडचण दिसली. साठीपुढच्या 619 जणांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अॅरिपिप्राझोल किंवा ब्युप्रोपिऑन जोडणाऱ्यांपैकी प्रत्येकी 28-29 टक्के बरे झाले, औषध बदलून नुसतं ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांपैकी 19 टक्के. गुण सारखाच, पण ब्युप्रोपिऑन जोडलेल्या गटात घरात-रस्त्यात पडण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. सत्तरीतल्या आजींच्या बाबतीत हा आकडा आधी बघावा.

मोडाफिनिल हे जागं ठेवणारं औषधही जोडून पाहिलं गेलं आहे. 136 जणांच्या एका चाचणीत सुरुवातीच्या दोन आठवड्यांत थकवा आणि पेंग कमी झाली, सहाव्या आठवड्यात डमी गोळीपेक्षा काही फरक उरला नाही. शिवाय त्याने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. हे ते घेणाऱ्या बाईला कुणीतरी सांगायला हवं. जास्त आशा सध्या प्रॅमिपेक्झोलकडून आहे. हे पार्किन्सनचं, मेंदूत डोपामिन जिथे जाऊन बसतं थेट त्याच जागी बसणारं औषध. ब्रिटनमध्ये 150 जणांवर झालेल्या आणि 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हट्टी डिप्रेशनमध्ये त्याची जोड डमी गोळीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. पण मळमळ वगैरे त्रासामुळे पाचांतल्या एकाने औषध सोडलं, आणि या जातीच्या औषधांनी कधीकधी जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागते.

हे सगळं वाचून "मग मला ब्युप्रोपिऑन द्या" म्हणायच्या आधी थोडं थांबावं. आपल्याकडे थकव्याची कारणं डोक्याच्या खाली भरपूर असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. 67 टक्क्यांत बी-12 कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांत. शाकाहार हे एक कारण, आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने किंवा वर्षानुवर्षं घेतलेल्या अॅसिडिटीच्या गोळ्यांनीही बी-12 उतरतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना अॅनिमिया होता. म्हणून हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉईडसाठीची टीएसएच आणि साखर तपासल्याशिवाय जोडऔषध सुरू करणं मला घाईचं वाटतं. रात्री जोरात घोरणाऱ्याचा झोपेत श्वास अडकत असेल तर तेही बघायला हवं. कधी थकवा पहिल्याच गोळीचा असतो. तेव्हा ती घ्यायची वेळ बदलूनही काम भागतं. कधी त्या पेशंटला पूर्वी कधीतरी चार दिवस झोपेविना भन्नाट उत्साह आलेला असतो आणि तो कुणाला सांगायचा राहिलेला असतो. तसं असेल तर आजार बायपोलर, म्हणजे उदासपणा आणि अतिउत्साह यांच्यात झुलणारा, असू शकतो आणि सगळा हिशेबच बदलतो.

तपासण्या होऊन जोडऔषध ठरलंच, तर मोजायचं काय हे आधी ठरवलेलं बरं. दवाखान्यात भरून घेतात त्या पीएचक्यू-9 या नऊ प्रश्नांच्या तक्त्यात चौथा प्रश्न थकव्याचा आहे. बेरीज 16 वरून 9 वर आली की फाइलवर 'सुधारणा' लिहिलं जातं, आणि चौथ्या प्रश्नासमोरचा 3 तसाच राहतो. गोळी थकव्यासाठी असेल तर तो एक आकडा वेगळा लिहून ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा. गोळी, फिरायला जाणं आणि बी-12 ची इंजेक्शनं एकाच सोमवारी सुरू केली तर गुण कशाचा ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. साधारण चार ते सहा आठवडे पुरेसा डोस मिळूनही काही हललं नाही, तर गोळी चिठ्ठीवरून उतरवावी, अर्थात डॉक्टरांना विचारून आणि बेताबेताने. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर औषधं चढतात सहज, उतरत नाहीत.

बहुतेक चाचण्या सहा-आठ आठवड्यांत संपतात आणि दीर्घ डिप्रेशन वर्षानुवर्षं चालतं, ही या सगळ्या शास्त्रातली मोठी फट. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीने 212 जणांना वर्षभर पाहिलं. जोडीला लिथियम की क्वेटियापिन (हेही मूळचं स्किझोफ्रेनियाचं औषध), असा सामना होता, आणि डिप्रेशनचा एकूण भार क्वेटियापिनने जास्त हलका केला. पण क्वेटियापिनने पेंग येते आणि वजन वाढतं. झोप उडालेल्या, चिंतेने पोखरलेल्या माणसासाठी ते वरदान ठरू शकतं. सकाळी अकरापर्यंत अंथरुणातून उठवत नाही अशा माणसाला तीच गोळी द्यायची का, हे चाचणीतल्या सरासरीवरून ठरत नाही. त्यासाठी त्याला विचारावं लागतं, की तुला जास्त काय छळतं: मन, की अंग?