लेटमार्कचा अर्धा दिवस: गैरहजेरीची कपात की दंड?

‘तीन लेटमार्क म्हणजे अर्धा दिवस कट.’ हे वाक्य इतक्या एचआरवाल्यांच्या तोंडून ऐकलंय, की लोक ते कायद्यातलंच कलम समजून चालतात. कायद्यात असं कलम नाही. तिथे या बाबतीत दोन वेगवेगळ्या कपाती आहेत, आणि हा नियम दोन्हींची खिचडी करून मालकाच्या सोयीचं तेवढं ताटात वाढून घेतो.

पहिली कपात गैरहजेरीची. ती सगळ्यांना माहीत आहे: आला नाहीत, त्या दिवसाचा पगार नाही. तिला सुनावणी लागत नाही, आणि त्यावर भांडण्यातही अर्थ नाही.

घोळ होतो तो तिच्या मापात. १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम घ्या, नाहीतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता २०१९ घ्या, अट तीच: जेवढा वेळ कामावर नव्हतात, तेवढ्याच वेळाचा पगार कापायचा. (दहा किंवा जास्त जणांनी संगनमताने, योग्य कारण आणि नोटीस न देता दांडी मारली तर आठ दिवसांपर्यंतचा पगार जाऊ शकतो. पण तो अपवाद संपासारख्या प्रसंगासाठी. लोकल चुकलेल्या माणसासाठी नाही.)

आता हिशेब मांडू. पगार १५,६००, कामाचे दिवस २६, रोज आठ तास. दिवसाचे ६०० झाले, तासाचे ७५. महिन्यात तीनदा वीस-वीस मिनिटं उशीर झाला, म्हणजे एक तास. गैरहजेरी म्हणून कापता येतात ७५ रुपये. कापले जातात ३००. मग वरचे २२५ कशाचे?

ते दंडाचे. स्लिपवर ‘एलओपी ०.५’ (लॉस ऑफ पे, म्हणजे अर्धा दिवस बिनपगारी) छापलं म्हणून ते गैरहजेरीचे होत नाहीत.

आणि दंड म्हटला की मालकाच्या मागे बरंच काही लागतं. कोणत्या गोष्टींसाठी दंड होईल त्याची यादी आधी मंजूर करून घेऊन कामाच्या जागी लावायची. दंड करण्यापूर्वी माणसाला आपली बाजू मांडू द्यायची. एका महिन्यात सगळा दंड मिळून पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये; आपल्या उदाहरणात ४६८ रुपये. नऊ लेटमार्कांचे दीड दिवस कापले तर ९०० होतात; त्यातले गैरहजेरीचे २२५ वगळले तरी ६७५ उरतात, म्हणजे मर्यादा केव्हाच ओलांडली. दंड हप्त्याने वसूल करता येत नाही, की ९० दिवस उलटल्यावरही. त्याची नोंद रजिस्टरमध्ये करायची. सगळ्यात झोंबणारी अट शेवटची: दंडाचा पैसा मालकाचा नाही. तो कर्मचाऱ्यांच्याच हितासाठी, मंजूर कामांवर खर्च करायचा असतो. शिक्षा दंडाची आणि सवलती गैरहजेरीच्या, हे का चालतं ते आता कळलं असेल.

फुटलेला ग्लास, गल्ल्यात कमी भरलेली रोकड ही कपातीची तिसरी जात. तिथे झालेल्या नुकसानापेक्षा जास्त कापता येत नाही, आणि तेही तुमचं ऐकून घेतल्यावरच. लेटमार्कबद्दल पगाराऐवजी सीएल (किरकोळ रजा) वजा होत असेल, तर तो रजेच्या नियमांचा विषय, इथे नको.

‘अपॉइंटमेंट लेटरवर सही केलीये ना?’ या प्रश्नाचा मला मनापासून कंटाळा आहे. संहितेने दिलेला हक्क सोडून देणारा करार त्यापुरता रद्दबातल असतो. सही दहा ठिकाणी असली तरी. आणि ‘तुमचा पगार जास्त, हा कायदा तुम्हाला नाही’ हेही जुनं झालं. आधी महिना २४,००० ची मर्यादा होती. संहितेत ती नाही, मॅनेजरही आत आले.

दाद मागायला तीन वर्षांची मुदत आहे, अर्ज युनियनमार्फतही करता येतो. कपात बेकायदा ठरली तर रक्कम परत मिळतेच, वर तिच्या दहापटीपर्यंत भरपाईही होऊ शकते. कपात रीतसर होती हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. तरी पंचिंगच्या नोंदीचे फोटो आणि स्लिपा जपून ठेवा, आणि एचआरला मेलवर एवढंच विचारा: हे २२५ गैरहजेरीचे की दंडाचे? फोनवर विचारू नका, उत्तर लेखीच घ्या.