पायपिंग गळा, होजिअरी कापडावरील

पायपिंग गळा : टी-शर्ट, बनियन, झबले अशा होजिअरी कपड्यांचा कापलेला गळा अरुंद पट्टीत दोन्ही बाजूंनी गुंडाळून शिवण्याची पद्धत. कारखान्यात हिला बाइंडिंग म्हणतात, शिंप्याकडे पायपिंग आणि जुन्या माणसांच्या तोंडी गोट किंवा मगजी. रिबचा (उभ्या धारींच्या, जास्त ताणणाऱ्या होजिअरी कापडाचा) गळा हा याहून वेगळा प्रकार. रिबची पट्टी दुमडून गळ्याच्या कडेला जोडतात, त्यामुळे ती कडेच्या वर उभी राहते. पायपिंग कडेला पोटात घेते आणि तिथेच थांबते. या दोहोंची गल्लत फार होते, आणि बेतण्यातली निम्मी चूक त्या गल्लतीतूनच येते.

संज्ञा : मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद मागावरच्या आणि सुयांवरच्या अशा दोन्ही कामांना चालते. चादर विणतात, स्वेटरही विणतात. रचनेच्या दृष्टीने मात्र ही कामे एकमेकांपासून दूर आहेत. मागावर ताणा आणि बाणा असे दोन संच एकमेकांना काटकोनात छेदतात. होजिअरी कापडात एकच धागा फासातून फास काढत पुढे जातो. मागाचीच परंपरा असलेल्या सोलापुरात ‘विणलेले कापड’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात माग येतो. म्हणून व्यवहारात दुसऱ्या प्रकाराला ‘होजिअरी’ किंवा ‘बनियनचे कापड’ म्हणण्याची रीत पडली, आणि ती सोयीची आहे. प्रस्तुत नोंदीत तीच पाळली आहे.

होजिअरी हा शब्द इंग्रजीतील पायमोजांच्या नावावरून आला. या कापडाच्या सर्वांत साध्या प्रकाराला जर्सी म्हणतात. ते इंग्लिश खाडीतील जर्सी बेटाचे नाव. शेजारच्या गर्न्सी बेटावरील खलाशांच्या लोकरी अंगरख्याचे नाव ‘गर्न्सी फ्रॉक’, आणि मराठीतील ‘गंजीफ्रॉक’ तेथूनच आला असे बहुतेक कोशकार मानतात. पुढे फ्रॉक गळून नुसती ‘गंजी’ उरली. म्हणजे कापडाला एका बेटाचे नाव आणि कपड्याला शेजारच्या बेटाचे. ‘बनियन’चे कूळ इतके सरळ नाही. तो शब्द वाणी-बनिया यावरून आला याबद्दल फारसा वाद नाही; परंतु सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपीय लोक बनियन म्हणत ते अंगात घालायचे सैल, पायघोळ वस्त्र होते, मागावरच्या कापडाचे. त्याचे अंगालगतच्या होजिअरी कपड्यात रूपांतर कसे झाले, याचे ‘अंगावर सैलसर घालायचा घरगुती कपडा’ या अर्थातून हळूहळू सरकल्याचे स्पष्टीकरण पटणारे आहे.

पट्टीसाठीचे शब्द फारसी वळणाचे आहेत. ‘उरेब’ (तिरका काप) हा फारसीतील तिरकेपणाच्या शब्दावरून आला, हे निश्चित. ‘मगजी’चा संबंध ‘मगज’शी, म्हणजे आतल्या गराशी लावतात; पट्टीच्या पोटात दोरी भरून शिवलेली फुगीर कड डोळ्यांपुढे आणली की तो पटतो. ‘गोट’ आणि जरीचा ‘गोटा’ एकच मानण्याचा मोह होतो. पण गोटा कापडावरून फिरतो, गोट कडेभोवती वळतो. काम वेगळे असल्याने एकरूपता गृहीत धरू नये, हे बरे.

इतिहास : होजिअरी यंत्राचे जनकत्व इंग्लंडमधील विल्यम ली यांना देतात, परंपरेने त्याचे साल १५८९ धरले जाते. जेडेडाया स्ट्रट यांनी १७५८ च्या सुमारास त्या यंत्राला रिब विणण्याची जोड दिली. मात्र या यंत्रांवर मोजे व अंगरखे मुख्यतः आकारातच विणून निघत. गळ्याची कड सहसा कात्रीने कापली जात नसे, तर फास उचलून बंद केली जात असे. हाताने स्वेटर विणणाऱ्या बायका आजही तेच करतात. म्हणून पायपिंग गळ्याला फार जुने मानणारे मत स्वीकारणे कठीण आहे. कापलेला गळा रुळला तो गोल यंत्रांवर थानच्या थान नळीसारखे कापड निघू लागल्यावर. मॅथ्यू टाउनसेंड यांच्या नावे असलेली होजिअरी यंत्राची खटक्याची सुई (फास पकडून आपोआप मिटणारी) साधारण १८४० च्या दशकाच्या अखेरीची, तर ओव्हरलॉक (कड कापत तिच्याभोवती दोरा गुंफणारे) यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतले. या दोन्हींनंतर होजिअरी कापड बेतून-कापून शिवणे सर्रास परवडू लागले. पट्टीने कड गुंडाळण्याची कल्पना मागावरच्या कपड्यांतून आली हे उघड आहे. पण तिचा हेतू वाटेत बदलला.

तो बदल असा. मागावरचे कापड कापले की धागे सुटतात. गोट त्यांना आवरतो. होजिअरी कापड असे उसवत नाही; कापलेली कड तशीच ठेवली तरी कपडा महिनोन्‌महिने टिकतो. तिथे पट्टी लागते ती ताणाला लगाम घालण्यासाठी. जर्सीचा गळा उघडा ठेवला तर चार धुण्यांत तो खांद्यावरून घसरू लागतो. शिवाय जर्सीची कड वळते : उभी कापलेली कड उलट बाजूकडे आणि आडवी कापलेली सुलट बाजूकडे. गळ्याच्या गोलाईवर हे दोन्ही कल एकापुढे एक येतात. इंटरलॉक आणि रिब या दुहेरी प्रकारांत दोन्ही बाजूंचे फास एकमेकांचा ओढा तोडतात, त्यामुळे ती कापडे सपाट राहतात आणि नवशिक्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी.

पट्टीचा काप : ब्लाउज शिवून हात बसलेला कारागीर पायपिंग म्हटले की कापड तिरके धरतो. मागावरच्या कापडाला ताण नसतो. तो पंचेचाळीस अंशांत कापल्यावर मिळतो, म्हणून तिथे उरेब पट्टी. होजिअरी कापडाला आडव्या अंगाने मुळातच ताण असतो. तिथे पट्टी सरळ आडवी कापायची, म्हणजे लांबी आडव्या ओळींच्या दिशेने ठेवायची. उरेब कापली तरी गळा होतो, पण कापड फुकट जाते आणि पट्टीला पीळ बसतो. कोणत्या बाजूने कापायची हे समजत नसेल तर तुकडा दोन्ही हातांत धरून एकदा लांबीने, एकदा रुंदीने ओढावा. जिकडे जास्त येतो ती पट्टीची लांबी.

रुंदीचा हिशेब शिंपी सुतात करतात (एक इंच म्हणजे आठ सूत). तयार पायपिंग तीन सूत हवी असेल आणि आतली कड न दुमडता उघडी ठेवायची असेल, तर रुंदीची तिप्पट नऊ सूत, कापडाच्या जाडीसाठी आणि आतल्या बाजूने टिपेखाली सापडण्यासाठी दोन सूत, आणि एक सूत वर. कारण पट्टी लांबीने ताणली की रुंदीने आवळते. एकूण दीड इंच. पट्टी आधीच लांबीत दुमडून दुहेरी लावायची असेल तर सहापट धरावे लागते, म्हणजे अठरा सूत आणि जाडीची भर धरून अडीच इंचांच्या आसपास. दुहेरी पट्टी आतून देखणी दिसते. मात्र जाड कापडावर तिचा दोरखंड होतो.

लांबी हा खरा वादाचा भाग. पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा लहान हवी यावर एकमत आहे, किती लहान यावर नाही. जर्सीची पट्टी जर्सीलाच लावताना घेराच्या नऊ-दशांश, आणि लायक्रा (रबरासारखा ताणणारा धागा) असलेली रिब वापरताना त्याहूनही कमी, असा सर्वसाधारण अंदाज चालतो. कोष्टक पाठ करण्यापेक्षा त्याच कापडाच्या कातरणीवर आठ-दहा इंचांची गोलाई कापून पाहणे सुरक्षित. पट्टी आखूड पडली तर गळ्याभोवती चुण्या जमतात. लांब पडली तर गळा छातीपासून सुटून उभा राहतो, आणि इस्त्रीने हा दोष झाकता येतो तो पहिल्या धुण्यापर्यंतच.

बेत : रिबच्या टी-शर्टचा बेत (कापण्याचा नमुना) घेऊन त्यालाच पायपिंग केली की गळा मोठा होतो. कारण सोपे : रिबचा बेत पट्टीसाठी जागा सोडून खोल कापलेला असतो आणि रिब ती जागा भरून काढते. पायपिंग काहीच भरत नाही. कापलेली कड हीच अंतिम कड. म्हणून तयार रिब जितकी रुंद, तितका गळा चारी बाजूंनी वर घ्यावा लागतो. उलट, तो फार वर गेला तर डोके अडकते. प्रौढ माणसाच्या डोक्याचा घेर बहुधा ५५ ते ५८ सेंटिमीटर असतो आणि ताणलेल्या गळ्याने तिथपर्यंत पोचायलाच हवे. लहान मुलांच्या बाबतीत हा हिशेब अधिक काटेकोर होतो, कारण पाच वर्षांच्या मुलाचे डोके जवळजवळ मोठ्या माणसाइतके असते आणि मान मात्र बारीक.

शिवणे : एक तिरा (खांद्याची शिवण) जोडायचा, दुसरा उघडा ठेवायचा आणि गळा सपाट पसरून पट्टी लावायची, नंतर दुसरा तिरा पट्टीसकट शिवायचा. कारखान्यात हीच रीत आहे. दुसरी रीत म्हणजे दोन्ही तिरे आधी जोडून गोल गळ्याला गोल पट्टी लावणे. ती दिसायला सुबक, पण वेळखाऊ. तिच्यात पट्टीचा जोड पाठीमागे, डाव्या तिऱ्याजवळ घेतात. गळ्याचे आणि पट्टीचे प्रत्येकी चार समान भाग करून खुणा जुळवतात. इथे नवखा माणूस हटकून फसतो. त्याला वाटते, मधल्या दोन खुणा तिऱ्याच्या शिवणीवर पडतील. पुढचा गळा मागच्यापेक्षा लांब असतो, म्हणून त्या खुणा तिऱ्याच्या थोड्या पुढे येतात. तिऱ्यावर ओढून जुळवल्या तर सगळा ताण पुढच्या खोलीत जातो आणि तिथे गळ्याला चोच येते.

पट्टी सुलटीवर सुलट ठेवून कडेपासून तीन सुतांवर पहिली टीप. ताणायची फक्त पट्टी, सदरा नाही. दोन्ही ताणले तर एवढ्या मोजमापाचा अर्थ उरत नाही. पाठीच्या जवळजवळ सरळ भागात ताण नाममात्र, पुढच्या गोलाईत जास्त. मग पट्टी कडेवरून मागे वळवायची, अंगठ्याने दाबत जायचे म्हणजे आतले कापड पट्टीत भरीव बसते, आणि सुलट बाजूने पहिल्या शिवणीच्या खोबणीत दुसरी टीप मारायची. आत उरलेली कड टिपेपासून एक सूत ठेवून कातरतात. इथे कात्रीचे टोक वर उचललेले हवे. खालचा सदरा कापला गेला तर त्यावर इलाज नाही.

कारखान्यात हे सारे फोल्डर एका दमात करतो. पत्र्याच्या वळलेल्या नाकात एका बाजूने पट्टी आणि दुसऱ्या बाजूने गळा शिरतो, आणि सुईखालून तयार कड बाहेर पडते. ज्या यंत्रावर हा फोल्डर बसवतात त्याला सगळीकडे फ्लॅटलॉक म्हणत असले तरी काटेकोर अर्थाने ते कव्हरस्टिच यंत्र आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाण आयएसओ ४९१५ नुसार दोन सुयांचा हा टाका ४०६ क्रमांकाचा : वर दोन समांतर टिपा, खाली लूपरची (खालचा दोरा गुंफणाऱ्या आकड्याची) जाळी. खरा फ्लॅटलॉक, चार सुयांचा, ६०७ क्रमांकाचा असतो आणि तो गळ्याला नव्हे, तर कडेला कड भिडवून जोडण्यासाठी वापरतात. बाजारातील नाव आता बदलण्याची शक्यता दिसत नाही.

घरच्या पायमशीनवर फक्त सरळ टीप (क्रमांक ३०१) मिळते आणि तिला ताण सोसत नाही. गळा डोक्यावरून काढताना ‘कट्‌’ असा आवाज येतो तो तिचाच. पॉलिस्टरचा दोरा घ्यावा, टीप मारताना कापड पुढून-मागून किंचित ताणलेले ठेवावे, दाबपायाचा दाब कमी करावा. झिगझॅगची सोय असेल तर अगदी अरुंद झिगझॅग उत्तम. सुई गोल टोकाचीच हवी, ७० किंवा ७५ नंबरची. टोकदार सुई फासाचा धागा कापते आणि पहिल्या धुण्यानंतर टिपेच्या कडेने बारीक भोकांची रांग उमटते. हा दोष शिवताना दिसत नाही, म्हणून तो बहुधा कापडाच्या माथी मारला जातो.

सोलापुरात : सोलापूरची ओळख मागाची. जुनी मिल म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातली. शहराच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग वाढवला. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. (टॉवेलवरचे लूप पाहून त्यालाही होजिअरी समजणारे भेटतात. ते लूप जादा ताण्याचे असतात; कापड मागावरचेच.) मागावरून उतरणाऱ्या चादरीला दोन्ही बाजूंनी काठ आयता मिळतो, आणि कड ही कापडाबरोबरच जन्मते अशी इथल्या हाताची सवय आहे. तयार कपड्यांच्या धंद्यात शहराने शालेय गणवेशात नाव मिळवले. २०१७ पासून गणवेशांची प्रदर्शनेही भरू लागली. गणवेशाचा शर्ट-पँट मागावरच्या कापडाचा, परंतु खेळाच्या तासाचा टी-शर्ट होजिअरीचा. त्या कापडाची देशातील मोठी केंद्रे तिरुपूर, लुधियाना आणि कोलकाता ही आहेत. लाल, पिवळा, हिरवा, निळा अशा गटांच्या रंगांतली पायपिंग पांढऱ्या टी-शर्टला लावण्याची पद्धत शाळांना आवडते, आणि तिथे नवी अडचण येते : गडद पट्टीचा रंग पांढऱ्यावर उतरतो. म्हणून जाणते कटिंग मास्तर पट्टीच्या थानाची चिंधी पांढऱ्या चिंधीला टाचून रात्रभर ओली ठेवतात. नळीचे थान उलगडून कापण्याआधी एक दिवस मोकळे पडू देण्याची पद्धतही त्यांचीच. गुंडाळलेले कापड ताणलेले असते. तसेच कापले तर पट्टी पेटीत पडल्या पडल्या आखूड होते, आणि मग नगावर काम करणाऱ्या बाईला ती जास्त ओढून लावावी लागते. चुण्या आल्या की नग परत येतो तो तिच्याकडे, थानाकडे नव्हे.