पावसाआधीची पालवी

फाल्गुनात पन्हाळा आणि जोतिबाच्या डोंगरउतारांवरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते, विहिरींचे पाणी खाली जाऊ लागलेले असते, आणि नेमक्या याच दिवसांत पानगळ झालेली काटेसावर लाल फुलांनी भरून जाते व पिंपळाला तांबूस पालवी फुटते. पावसाला अजून तीन महिने अवकाश असताना झाडांना हे बळ येते कुठून?

थंड प्रदेशांत वसंत म्हणजे गोठलेल्या जमिनीची सुटका असते. कोल्हापूरचा हिवाळा मात्र बेताचाच, त्यामुळे आपल्या वसंताचे कारण निव्वळ थंडी ओसरण्यात शोधून भागत नाही. सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावरच्या या शहरात वर्षातला सर्वांत लहान दिवस साधारण ११ तासांचा आणि सर्वांत मोठा १३ तासांचा असतो; लंडनमध्ये हाच फरक जवळजवळ ९ तासांचा आहे. डिसेंबर अखेरीपासून फेब्रुवारी अखेरीपर्यंत आपला दिवस सुमारे ४० मिनिटांनी वाढतो. एवढीशी वाढही उष्ण कटिबंधातील अनेक झाडांना पालवीची वेळ कळायला पुरते, असे अभ्यासातून दिसले आहे.

पाण्याची सोय झाडाने आधीच केलेली असते. पाने गळली की त्यांतून होणारे बाष्पीभवन थांबते, खोल गेलेली मुळे जमिनीच्या खालच्या थरांतील ओल ओढत राहतात, आणि खोडात पुन्हा पाणी भरले की कळ्या व कोंब उमलू शकतात. लागणारी ऊर्जा खोडात आणि मुळांत साठवलेल्या पिष्टातून येते, म्हणजे वसंतातली ही उधळण आधीच्या हंगामातल्या कमाईवर चाललेली असते.

पिंपळाचे कोवळे पान हातात घेऊन पाहावे: ते मऊ, लवचीक आणि चकचकीत असते आणि उन्हासमोर धरले की तांब्यासारखे झळकते. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा आहे. हरितद्रव्याची यंत्रणा पूर्ण तयार होईपर्यंत प्रखर उन्हापासून ते कोवळ्या पेशींचे रक्षण करते.

पक्ष्यांनाही वाढता दिवस कळतो, आणि तो केवळ डोळ्यांनी नव्हे. कवटीतून झिरपणारा प्रकाश त्यांच्या मेंदूतील खोलवरच्या पेशी टिपतात, त्यातून विणीच्या संप्रेरकांना चालना मिळते आणि अनेक जातींचे नर गाऊ लागतात.

माणसाच्या दृष्टिपटलातही मेलॅनोप्सिन हे प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रथिन असलेल्या, स्वतःच प्रकाश टिपणाऱ्या पेशी आहेत. संशोधक डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यांचे हे कार्य दाखवून दिले. या पेशी मेंदूतील जैविक घड्याळाला दिवस उजाडल्याची वर्दी देतात. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल यांनी १९८४ मध्ये वर्णन केलेले हिवाळी नैराश्य प्रामुख्याने दूर उत्तरेकडच्या, लहान दिवसांच्या प्रदेशांतले आहे. म्हणून कोल्हापूरकराच्या वसंतातील उल्हासाला त्या अंधारातून सुटल्याचा आनंद म्हणणे मला पटत नाही. रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्याला मिळणारे ऊन आणि डोळ्यांसमोर बहरलेली झाडे हीच त्याची अधिक जवळची कारणे वाटतात.

झाडाच्या घाईला आणखी एक अर्थ आहे. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात मुरली आणि सुकुमार या संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की कोरड्या दिवसांत फुटलेल्या पालवीला किडींचा उपद्रव कमी होतो, कारण पावसाबरोबर पाने खाणाऱ्या किडी वाढतात तोवर ती पाने जून होऊन चिवट झालेली असतात.